येतो, असं तो म्हणाला

काल दुपारी फोन किंचाळला. फ्रीझ वॉर्निंग. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये थंडी ही पाहुणी आहे. वर्षातून दोन-तीनदा येते, दोन दिवस राहते आणि तेवढ्यात सगळ्यांची तारांबळ उडवून जाते. एरवी दहा महिने घाम पुसत हवेला नावं ठेवणारी आम्ही माणसं एकदम हवालदिल होतो. दुकानातलं दूध संपतं, बाहेरच्या नळांना जुने टॉवेल गुंडाळले जातात आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या मागच्या अंगणांमध्ये चादरी पांघरलेली झाडं उभी राहतात. कुणाचं लिंबू, कुणाचा मोगरा. देशी घर असेल तर कढीपत्ता असतोच. शेजारच्या अमेरिकन आजींनी एकदा मला विचारलं होतं की हा तुमचा काही सण असतो का. मी हो म्हणून टाकलं. समजावत कोण बसणार.

आमचा कढीपत्ता मिलिंदने लावलेला. सगळ्यांनी सांगितलं की कुंडीतच ठेव, थंडीत गॅरेजमध्ये घेता येतो. त्याने ऐकलं नाही. दक्षिणेच्या भिंतीशी खड्डा खणून सरळ जमिनीत लावला. तेव्हापासून हे झाड दर कडक थंडीत वरून जळतं, काळ्या काटक्या होतात, मी मनातल्या मनात त्याच्या नावाने आंघोळ करते आणि एप्रिलमध्ये ते बुंध्यातून पुन्हा फुटतं. आता पन्हाळीपर्यंत पोचलंय. एकटीला चादर टाकता येत नाही, म्हणून रेवा येते. रेवा माझी लेक. ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात फिजिकल थेरपिस्ट आहे, चाळीस मिनिटांवर राहते. फ्रीझ वॉर्निंग तिच्याही फोनवर किंचाळते, त्यामुळे बोलवावं लागत नाही.

या मोसमात ती आली की मी दरवेळी ठरवते, आज सांगायचं. तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. सतरा-अठरा वर्षं राहून गेलेली गोष्ट ही राहून गेलेली नसते, ठेवलेली असते, हे मलाही कळतं.

तोही असाच हिवाळा होता. संक्रांत झालेली, रथसप्तमी यायची होती. मिलिंद तेलाच्या कामावर चाड नावाच्या देशात होता. आफ्रिकेच्या ऐन मध्यावर आहे तो. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस दिवस घरी, अशी ड्यूटी. या देशाच्या नावावरून आमच्या मराठी मंडळात जे विनोद व्हायचे ते सगळे मिलिंदनेच सुरू केलेले. तो अकोल्याचा, बोलण्यात हार जाणारा नव्हता. 'तुम्हा लोकांना कशाची चाड नाही, मी मात्र महिनाभर चाडमध्ये असतो,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचे, घरच्या कामाची थोडी चाड ठेवलीस तरी चालेल. आता वाटतं, किती हसलो त्या नावाला.

काम दक्षिणेला, तेलविहिरींवर. पण शेवटचा आठवडा राजधानीत, एन्जामेनात, कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये असायचा. त्या शहरात मी कधी गेले नाही, तरी मला ते पाठ आहे. तो फोनवर रोज थोडं थोडं सांगायचा. हिवाळ्यात तिकडे वाळवंटातून धूळ येते. धुकं वाटावं अशी बारीक. सकाळी उठलं की उशीवर डोक्याचा आकार सोडून बाकी सगळं पिठासारखं पांढरं. गावाला लागून नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे दुसराच देश. फाटकावर यूसुफ नावाचा राखणदार होता. तो अंगणातल्या आंब्याखाली चटई टाकून बसे आणि छोट्या किटलीत तीन वेळा चहा उकळे. पहिला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड. मिलिंद म्हणायचा, तिसऱ्या चहापर्यंत थांबायची सवय लागली तर माणूस शहाणा होतो. मी म्हणायचे, मग तू पहिल्यालाच उठत असशील.

त्या आठवड्यात त्याने सांगितलं की बंडखोर निघालेत. पूर्वेच्या सीमेवरून, शेकडो मैलांवरून, पिकअप गाड्यांचे तांडे घेऊन. गाडीच्या पाठीवर तोफ बसवलेली, तोंडाला फडकी बांधलेली माणसं, धूळ उडवत राजधानीकडे. त्याच्या आवाजात भीती नव्हती, कुतूहलच होतं. यांचं दर दोन वर्षांनी असतं, वाटेतच अडवतात, असं कुणी तरी त्याला सांगितलं होतं. बाजार बंद झाला होता. लोक डोक्यावर गाद्या घेऊन पुलाकडे चालले होते. गाद्याच का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, जीव वाचला तर झोपायला काही तरी लागेलच ना.

तो शनिवार उजाडला तेव्हा बंडखोर शहरात शिरले होते. मला ते माहीत नव्हतं. इथल्या टीव्हीवर दुसऱ्या दिवशीच्या फुटबॉलच्या मोठ्या सामन्याखेरीज काही नव्हतं आणि माझ्या घरी दुपारी चार वाजता हळदीकुंकू होतं. वाणाला द्यायला अकोल्याहून आणलेल्या स्टीलच्या चहाच्या गाळण्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. सकाळी मी तिळाचे लाडू वळत होते. ज्याने चिक्कीच्या गुळाचा पाक केला आहे त्याला सांगायला नको, तो एकदा उतरवला की घड्याळ तुमच्या हातात राहत नाही. गरम असताना हात भाजत भाजत वळायचे, नाही तर कढईत दगड.

तेवढ्यात फोन वाजला. मिलिंदचा. माझे दोन्ही हात तिळगुळाने माखलेले. मी रेवाला म्हटलं, 'घे गं, बाबाला सांग दहा मिनिटांत करते.' नऊ वर्षांची रेवा ओट्याशी उंच स्टुलावर बसून गळलेले तीळ वेचून खात होती. तिने घेतला. लाइन खरखरत होती. मिनिटभर बोलली असेल. मग फोन ठेवून म्हणाली, 'आई, बाबा इज कमिंग.'

मी विचारलं, 'हो? निघाला?' ती म्हणाली, 'ही सेड ही इज कमिंग.' मी पुढचा लाडू वळला. दहा मिनिटांनी फोन केला तेव्हा लागला नाही. त्या शहरातले सगळेच फोन तेवढ्यात बंद पडले होते.

अकराच्या सुमाराला कंपनीतून एका बाईंचा फोन आला. गोड, संथ, अस्सल टेक्सासचा आवाज. त्यांनी सांगितलं की राजधानीत लढाई सुरू आहे, आपली सगळी माणसं एका हॉटेलात गोळा करून विमानतळाशेजारच्या लष्करी तळावर नेतायत. तुमच्या मिस्टरांशी शेवटचं बोलणं कधी झालं, ते गेस्टहाउसमध्येच आहेत का? मी म्हटलं, आत्ताच फोन आला होता, तो निघालाय, माझ्या मुलीशी बोललाय. त्या म्हणाल्या, तिच्याशी बोलू का? रेवाने फोन घेतला आणि शाळेत उत्तर द्यावं तसं नीट, स्पष्ट सांगितलं, 'यस मॅम. ही सेड ही इज कमिंग.' मी मान डोलावली. बाईंनी धन्यवाद दिले आणि तसं लिहून घेतलं.

हळदीकुंकू मी रद्द केलं नाही. कशाला करू? तो निघाला होता. काळी साडी नेसले, हलव्याचे दागिने रेवाला घातले. येईल तिला हळदकुंकू लावताना सांगत होते की बाई गं, तिकडे लढाई पेटलीय पण मिलिंद सुटला वेळेवर. बायका हात जोडून देवाचे आभार मानत होत्या. कुणी तरी टीव्ही लावला. खेळाडूंच्या मुलाखती चालू होत्या आणि पडद्याच्या तळातून एक ओळ सरकत गेली, चाडच्या राजधानीत बंडखोर घुसल्याची. सरकली आणि गेली. चाडची इतकीच चाड होती जगाला.

सहा वाजता बायका निघाल्या. दारात चपलांची गर्दी, हातात वाणाच्या पुड्या, तिळगूळ. एकेक जण उंबऱ्यावरून म्हणत होती, येते हं. येते गं. चल, येते. रेवा जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. तिला गंमत वाटली. तिने माझ्या मैत्रिणीला, तिच्या अंजलीमावशीला, विचारलं, 'मावशी, दे आर ऑल लीव्हिंग. मग सगळ्या येते येते का म्हणतायत?'

अंजली हसली. तिचा गालगुच्चा घेऊन म्हणाली, 'अगं वेडे, जाते म्हणू नये. जाते म्हटलं की वाईट असतं. आपण जातानासुद्धा येते म्हणतो.'

रेवाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. ती माझ्याकडे वळली. 'आई,' ती म्हणाली, 'बाबा तसं म्हणाला. तसंच.'

पुढचं फार नाही. मी फोन लावला, त्या बाई नव्हत्या, दुसऱ्या कुणी यादी बघून सांगितलं की तुमचे मिस्टर वाटेत आहेत अशी नोंद आहे. मी सांगितलं, तो वाटेत नाही, गेस्टहाउसमध्येच आहे, चूक झाली. त्या माणसाने ऐकून घेतलं, मग सांगितलं की गोळा करणारी गाडी इथल्या दुपारीच नोंदीप्रमाणे फिरून गेली, आता तिकडे रात्र आहे, सकाळशिवाय रस्त्यावर कुणी निघू शकत नाही. सकाळी काही निघालं नाही. रविवारी तिकडच्या दुपारी गेस्टहाउसच्या अंगणात तोफेचा एक गोळा पडला. बंडखोरांचा की सरकारचा, कुणालाच सांगता आलं नाही. सोमवारी बंडखोर शहर सोडून आले तसे निघून गेले. राजधानी वाचली, असं वर्तमानपत्रात आलं.

मिलिंदला शवपेटीतून घरी यायला रथसप्तमी उलटून गेली. कंपनीतला त्याचा एक सहकारी सोबत आला होता. त्याने यूसुफकडून ऐकलेलं सांगितलं. शनिवारी दिवसभर मिलिंद बॅग भरून फाटकाशी उभा होता. गाडीचा आवाज आला की फाटकातलं छोटं दार उघडून बघायचा. यूसुफ म्हणत होता, साहेब, पुलावरून पलीकडे जाऊ, सगळे जातायत. मिलिंद म्हणाला, गाडी येणार आहे, मी इथे नसलो तर शोधत बसतील. रविवारी यूसुफने तशातही चहा केला होता. तिसरा चहा व्हायचा होता, एवढंच त्या सहकाऱ्याने सांगितलं. मी त्याला पाणी दिलं.

आमची भाषा भित्री आहे. तेव्हापासून मी हे पारखत आले आहे. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाही, वाढवतो. जे जे तुटणार, संपणार, जाणार, त्याच्यासमोर आपण उलटा शब्द उभा करतो, देवाला फसवायला. देव फसत असेल की नाही ठाऊक नाही. एक नऊ वर्षांची मुलगी फसली, जिला आम्ही घरात मराठी बोलायला शिकवलं आणि दारात काय म्हणतात ते शिकवायचं विसरलो. तिला शब्दाचा अर्थ येत होता. तो आम्हालाच येत नाही, आम्हाला नुसती रीत येते.

कंपनीचा अहवाल आला तो दोन पानांचा होता. त्यात एक तुकडा होता, 'कुटुंबाकडून मिळालेल्या माहितीनुसार'. कुटुंब म्हणजे कोण, ते लिहिलेलं नव्हतं. पण रेवाला वाचता येत होतं.

पुढे ती कधी त्यावर बोलली नाही. रडली, शाळेत गेली, मोठी झाली, नीट झाली. फक्त एक शब्द तिने टाकला. ती 'येते' म्हणत नाही. मैत्रिणीकडे जाताना, कॉलेजला जाताना, नोकरीवर जाताना, उंबऱ्यावर उभी राहून स्वच्छ म्हणते, 'जाते.' सुरुवातीला मंडळातल्या बायका दचकायच्या. एका काकूंनी तिला चारचौघांत टोकलं, तर म्हणाली, 'काकू, मी जातेय, म्हणून जाते.' काकूंनी पुन्हा टोकलं नाही. मी मात्र सोडलं नाही. ती 'जाते' म्हणाली की मी मागून 'ये' म्हणते. दरवेळी. ती ओढते आणि मी ओढते, अशी एवढी वर्षं.

आणि आता ती ठेवलेली गोष्ट.

त्या सकाळी फोन स्पीकरवर होता. ओट्यावर, माझ्यापासून दोन हातांवर. मी सगळं ऐकलं. खरखरीतून तो म्हणाला, 'गाडी येणार आहे म्हणतायत. आईला सांग. चल रेवू, येतो हं मग.' येतो हं. ऑफिसला निघताना म्हणायचा त्याच सुरात, शेवटचं अक्षर जरा ओढून. मी अकोल्याच्या माणसाबरोबर तेरा वर्षं संसार केलेली बाई. त्या 'येतो'चा अर्थ फोन ठेवतो एवढाच होता, हे मला कळणार नाही? कळलं होतं. माझे हात क्षणभर थांबले होते. पण मग रेवा इंग्रजीत म्हणाली की बाबा इज कमिंग. आणि इंग्रजीत ते किती खरं वाटलं. मी ते घेतलं, कारण मला ते हवं होतं. पाक आळत होता. कंपनीच्या बाईंनी विचारलं तेव्हा एका वाक्याचं काम होतं. मी पोरीच्या हातात फोन दिला आणि मान डोलावली. नंतर अहवालातल्या त्या कुटुंबामागे मी लपले, म्हणजे एका लहान मुलीमागे.

काल रेवा आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं, वारा सुटला होता. ती स्टुलावर चढली, मी खाली. जुनी निळी सोलापुरी चादर वाऱ्याने फुगत होती, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. फांद्या आत ओढताना कढीपत्त्याचा वास हाताला लागला. ती कपड्यांचे चिमटे लावत होती आणि मी एक एक चिमटा वर देत होते. काहीही न ठरवता माझ्या तोंडून निघालं.

'रेवा, त्या दिवशी बाबा फोनवर काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. मला कळलं होतं तो निघालेला नाही.'

तिने हातातला चिमटा लावला. दुसऱ्यासाठी हात पुढे केला. मी दिला.

'आय नो, आई,' ती म्हणाली. 'स्पीकर मीच ऑन केला होता. तुझे हात खराब होते, म्हणून. तुला ऐकू यावं म्हणून.'

ती खाली न बघता म्हणाली, 'तुझे हात थांबले होते. आय सॉ दॅट.'

'मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?'

'तू बोलली नाहीस ना,' ती म्हणाली. 'मला वाटलं, तुला ते ठेवायचंय.'

मी तिथेच, नळाला गुंडाळलेल्या टॉवेलशेजारी, ओल्या गवतावर बसले आणि रडले. नवरा गेल्यावर रडले होते ते निराळं होतं. नऊ वर्षांच्या पोरीने माझं ओझं आपलं म्हणून उचललं, शाळेच्या दप्तराबरोबर वागवलं, आणि मी रोज तिचा डबा भरून देत राहिले. रेवा स्टुलावरून उतरली. जवळ बसली. ती रोज परक्या माणसांना धरून उभं करते, चालवते, तो तिचा धंदा आहे. तिने मला काखेतून धरलं आणि म्हणाली, 'अप, आई. स्लोली.' मी उठले.

चहा केला. त्याच हळदीकुंकवातली उरलेली एक गाळणी माझ्याकडे आहे, तिच्यातूनच गाळते. आम्ही दोघी ओट्याशी उभ्याने चहा प्यालो. मी माफी मागितली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढ्या वर्षांचं एका कपात कसं मिटेल? बाहेर चादरीतला कढीपत्ता वाऱ्याने हलत होता.

मग तिने किल्ल्या उचलल्या. दारात थांबली, बूट घातले आणि नेहमीसारखी म्हणाली, 'जाते.'

माझ्या ओठांवर 'ये' आलं होतं. मी ते गिळलं. 'जा, बाळा,' म्हटलं. 'सावकाश जा.'

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मग गाडीपाशी गेली, बसली, गाडी मागे घेतली. रस्त्यावर आल्यावर काच खाली झाली.

'आई, चादर तू काढू नकोस हं. स्टुलावर चढशील आणि पडशील. रविवारी मी काढीन.'

मी मान डोलावली. गाडी वळली. रविवारला चार दिवस आहेत.